निर्दोष माणसाची भरपाई
बिहारचे रुदल साह १९६८ मध्ये निर्दोष ठरले, पण तुरुंगाबाहेर आले १९८२ मध्ये. मधली चौदा वर्षे त्यांना कशासाठी डांबले, याचे पटेल असे उत्तर राज्य सरकारकडे नव्हते. १९८३ मध्ये सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने आधी दिलेल्या पाच हजारांखेरीज ३० हजार रुपये द्यायला लावले. रक्कम तुटपुंजीच, पण घटनेच्या २१व्या कलमाचा भंग झाल्यास न्यायालय थेट भरपाई देऊ शकते, हा मार्ग खुला झाला. याच मार्गाने शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना चुकीच्या अटकेबद्दल २०१८ मध्ये ५० लाखांच्या भरपाईचा आदेश मिळाला. त्याच वर्षी विधी आयोगाने अशा भरपाईसाठी खास कायदेशीर तरतूद सुचवली. ती व्हायलाच हवी. असा अन्याय झालेल्यांनी कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी; दिवाणी दाव्याचा हक्क त्याने जात नाही.