खेळाडूची किंमत आणि खेळाडूचे मोल

क्रिकेटच्या लिलावाचे आकडे वर्तमानपत्रात आले की आपल्या महाविद्यालयाच्या कट्ट्यावर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "एवढ्या पैशाच्या लायकीचा तो नाहीच." दुसरा म्हणतो, "कोट्यवधी रुपये मोजणाऱ्यांना काय कळत नसेल?" वाद कितीही रंगला तरी एक गोष्ट दोघेही गृहीत धरतात, ती ही की खेळाडूला मिळालेली रक्कम म्हणजे त्याच्या खेळाची गुणपत्रिका होय. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि मला हे गृहीतच मान्य नाही. ते का, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न करतो.

किंमत आणि उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण केजकरांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. ऑगस्टमध्ये पाऊस झाला की घागरभर पाण्याला कोणी विचारत नाही. दुष्काळी वर्षाच्या एप्रिलमध्ये त्याच घागरीसाठी टँकरपुढे रांग लागते. पाणी तेच, त्याने भागणारी तहानही तीच. बदलते ती टंचाई आणि गरज. खेळाडूंच्या बाजारातही नेमके हेच घडते.

यासाठी आधी बाजाराचे नियम पाहू. २००८ साली सुरू झालेल्या आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला खर्चाची सारखीच मर्यादा असते. २०२५ च्या हंगामासाठी ती १२० कोटी रुपये होती. त्या रकमेत जास्तीत जास्त २५ खेळाडू घ्यायचे, त्यांत परदेशी आठांपेक्षा अधिक नकोत, आणि प्रत्यक्ष अकरांत परदेशी चारच. लिलावाखेरीज दोन संघ आपसांत खेळाडूंची देवाणघेवाणही करू शकतात. अशा वेळी खेळाडूबरोबर त्याच्या मानधनाचा बोजाही एका संघाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जातो. म्हणून व्यवस्थापनापुढचा खरा प्रश्न "हा खेळाडू चांगला आहे का?" असा नसतोच. "एवढ्याच पैशात आपल्याला दुसरे काय मिळाले असते?" असा तो असतो. अर्थशास्त्रात यालाच संधी-खर्च म्हणतात.

उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच घेऊ. पालघरचा शार्दूल ठाकूर हा मध्यमगती गोलंदाज, आणि वेळ पडली तर फलंदाजीतही संघाला तारणारा. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत त्याने पहिल्या डावात ६७ धावा केल्या आणि सामन्यात सात बळी घेतले. अशा या खेळाडूच्या किमतीचा आलेख पाहा. २०१८ मध्ये चेन्नईने त्याला २ कोटी ६० लाखांना घेतले. २०२२ च्या लिलावात दिल्लीने १० कोटी ७५ लाख मोजले. डिसेंबर २०२३ मध्ये तो ४ कोटींना पुन्हा चेन्नईकडे गेला. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात त्याची मूळ किंमत २ कोटी होती आणि कोणीच हात वर केला नाही. पुढे लखनौचा मोहसीन खान जायबंदी झाला, तेव्हा बदली म्हणून त्याच २ कोटींना त्याला बोलावणे आले. आणि २७ मार्च २०२५ रोजी हैदराबादविरुद्ध त्याने ३४ धावांत चार बळी घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईने त्याला लखनौकडून देवाणघेवाणीत घेतले.

चार महिन्यांपूर्वी ज्याला गिऱ्हाईक नव्हते, त्याने चार बळी घेतले. या चार महिन्यांत त्याची विद्या वाढली काय? तसे नव्हे. एका संघात जागा रिकामी झाली, एवढेच. त्याच्या किमतीला ओहोटी लागण्याचे आणखी एक कारण मला दिसते. २०२३ पासून 'इम्पॅक्ट प्लेअर'चा नियम आला व सामना चालू असताना एक खेळाडू बदलता येऊ लागला. मग फलंदाजी करताना निव्वळ फलंदाज आणि गोलंदाजी करताना निव्वळ गोलंदाज खेळवणे सोपे झाले. दोन्ही कामे थोडीथोडी करणाऱ्याची निकड तेवढी कमी झाली. नियमाची एक ओळ बदलली आणि माणसाचा भाव उतरला!

आता व्यवस्थापनाच्या निर्णयाकडे वळू. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीने शार्दूलला कोलकात्याकडे दिले आणि बदल्यात अमन खान हा खेळाडू घेतला. अमनची किंमत होती २० लाख. वरवर पाहता हा सौदा म्हणजे म्हैस देऊन शेळी आणण्यासारखा. पण हिशोब मांडून पाहा. दिल्लीच्या थैलीत १० कोटी ५५ लाख मोकळे झाले. पुढच्याच महिन्यातल्या लिलावात त्यांनी मुकेश कुमारला साडेपाच कोटींना आणि फिल सॉल्टला दोन कोटींना घेतले. म्हणजे खरी तुलना शार्दूल आणि अमन यांची नाही. ती शार्दूल एका पारड्यात आणि अमन अधिक मोकळी झालेली रक्कम दुसऱ्या पारड्यात, अशी आहे.

फळ काय मिळाले? ६ एप्रिल २०२३ रोजी कोलकात्याची ५ बाद ८९ अशी अवस्था असताना शार्दूलने २९ चेंडूंत ६८ धावा केल्या आणि सामना ८१ धावांनी जिंकून दिला. त्याच हंगामात २ मे रोजी गुजरातविरुद्ध दिल्लीची ५ बाद २३ अशी दाणादाण उडाली असताना अमनने ५१ धावा केल्या आणि दिल्ली पाच धावांनी जिंकली. ज्याला आपण शेळी म्हटले तिनेही एक दिवस घर सावरले! तरीही दोन्ही संघ त्या वर्षी बाद फेरीपर्यंत पोहोचले नाहीत. यावरून मी एवढेच म्हणेन की एका डावावरून सौदा चांगला ठरत नाही आणि एका पराभवावरून वाईटही ठरत नाही. निर्णय घेताना हाती कोणती माहिती होती, गरज कोणती होती आणि दुसरे पर्याय कोणते होते, यांवर त्याची पारख व्हावी. पेरणी योग्य वेळी करूनही पावसाने दगा दिला, तर त्या शेतकऱ्याला कोणी अडाणी म्हणत नाही.

अमेरिकेत बेसबॉलमध्ये हा विचार फार पूर्वीपासून चालत आला आहे. तेथे खेळाडू देता-घेताना त्याच्याकडून अपेक्षित कामगिरी, त्याचे मानधन आणि कराराची उरलेली वर्षे यांचा ताळा मांडतात. २००२ साली ओकलंडच्या तुटपुंज्या खर्चाच्या संघाने, इतरांनी कमी लेखलेले खेळाडू हेरून १०३ सामने जिंकले. पण त्याच खेळाच्या इतिहासात दुसरेही एक पान आहे. १९६९ मध्ये सेंट लुईस संघाने कर्ट फ्लड या खेळाडूला न विचारता फिलाडेल्फियाकडे देऊन टाकले. आपण विकत घेण्या-विकण्याची वस्तू नाही, असे म्हणून तो न्यायालयात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. परंतु त्याने पेटवलेला प्रश्न विझला नाही आणि पुढे काही वर्षांतच खेळाडूंना संघ निवडण्याचे स्वातंत्र्य मिळू लागले. आयपीएलच्या देवाणघेवाणीत खेळाडूची संमती लागते, ही म्हणूनच मोठी गोष्ट आहे. लिलावात मात्र कोणता संघ आपल्याला घेईल, हे आजही खेळाडूच्या हाती नसते.

हे सारे आपल्याशी कशासाठी ताडून पाहायचे? आपल्या बीडच्या सचिन धसने ६ फेब्रुवारी २०२४ रोजी एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा केल्या. भारताची ४ बाद ३२ अशी स्थिती असताना केलेल्या या धावांनी संघाला अंतिम फेरीत नेले. तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातली अनेक मुले नव्या उमेदीने मैदानावर जात आहेत. त्यांतल्या एखाद्याच्या नावापुढे उद्या मोठा आकडा लागेल, पुष्कळांच्या नावापुढे लागणारही नाही. ज्याला लागेल त्याने तो आकडा आपल्या गुणांची पावती समजू नये, आणि ज्याला लागणार नाही त्याने तो आपल्या नालायकीचा दाखला मानू नये. किंमत बाजार ठरवतो, आणि ती दर हंगामाला बदलते. शार्दूलला कोणी घेतले नाही त्या दिवशीही ब्रिस्बेनचे सात बळी त्याच्याच नावावर होते.