अंधारातलं पिणं

आता उंदरांकडे येतो. एका बैठकीत ढोसण्यानं मेंदूत काय होतं, हे माणसाला पाजून आणि मेंदू उघडून बघता येत नाही. म्हणून उंदीर. पण प्रयोगशाळेतल्या काही जातींचे उंदीर दारूला तोंडही लावत नाहीत. सी-५७ नावाची काळी जात मात्र आपणहून पिते. २००५ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या संशोधकांनी तिच्यासाठी एक साधी पद्धत मांडली. दिवे मालवून तीन तास झाले की पाण्याच्या जागी २० टक्के अल्कोहोलची बाटली लावायची. तीन दिवस दोन-दोन तास, चौथ्या दिवशी चार तास. उंदराच्या १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल जातं. (आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ३० आहे!)

मेंदूत 'गाबा' हा ब्रेक आणि 'ग्लुटामेट' हा अॅक्सिलरेटर असं समजा. दारू ब्रेक दाबते, अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलते. हे वारंवार झालं की मेंदू जुळवून घेतो, म्हणजे ब्रेक ढिला करतो आणि अॅक्सिलरेटर जास्त संवेदनशील करतो. मग दारू उतरते, पण ही जुळवाजुळव तशीच राहते. त्यातूनच अस्वस्थता, थरथर, कधी झटके. शिवाय अमिग्डाला या भागात सीआरएफ हे ताणाचं रसायन वाढतं.

अॅरिस्टॉटल सांगतो की नशेत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट दंड असे, कारण न पिणं त्याच्या हातात होतं. पहिल्या पेल्यापुरतं मला हे पटतं. पण ब्रेक ढिला झालेल्या माणसाच्या विसाव्या बैठकीला 'हातात होतं' हे शब्द तितकेच लागू पडतात का? मला नाही वाटत.

मग सगळं रसायनावर ढकलायचं? थांबा. सीआरएफला अडवणारं औषध दिलं की हे ढोसणारे उंदीर कमी पितात. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र तशा औषधांनी तलफ कमी झाली नाही. उंदराला पगाराचा दिवस नसतो, मित्रांचा आग्रह नसतो, उद्या सोडेन असं तो बायकोला सांगत नाही. पिंजऱ्यात आपल्याला यंत्रणा दिसते, पिण्याचं कारण दिसत नाही. व्यसनमुक्ती केंद्रात औषधाच्या गोळीबरोबर बोलणंही लागतं, ते म्हणूनच.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.