शेवटचं बोलणं किती वाजता झालं?

जिल्ह्याच्या गावी एका हॉस्पिटलात गेली २२ वर्षं मी सीटी स्कॅनचं मशीन चालवते. स्ट्रेचर आत येतं आणि नातेवाईक सांगतात, "अंगावरून वारं गेलं." डॉक्टर विचारतात, "शेवटचे धडधाकट कधी पाहिले?" मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात.

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. १९९५ साली अमेरिकेतल्या चाचणीत ते तीन तासांपर्यंत उपयोगी ठरलं, २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने मुदत साडेचार तासांवर नेली. हे तास मोजतात ते माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून. रात्री दहाला झोपलेले आजोबा सकाळी सहाला वाकड्या तोंडाने उठले, तर हिशेबात आठ तास गेले. पण पहाटे चारला उठून त्यांनी सुनेकडे पाणी मागितलं असेल, नीट बोलले असतील, तर दोनच. सुनेला ते आठवलं पाहिजे.

आता माझ्या खोलीतलं सांगते. तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड. गुठळी असो की रक्तस्राव, बाहेरून रोगी सारखाच दिसतो. कितीही अनुभवी डॉक्टर नुसता बघून खात्रीने सांगू शकत नाही. पडद्यावर मात्र ताजं रक्त पांढरंशुभ्र उठतं. गुठळीच्या रोग्याचा स्कॅन पहिल्या काही तासांत पुष्कळदा साफ असतो. नातेवाईक हुश्श करतात, "म्हणजे काही नाही ना?" आहे. हात लुळा आणि स्कॅनमध्ये रक्त नाही, म्हणूनच डॉक्टर इंजेक्शनचा विचार करू शकतात. त्याआधी बोटातून रक्त घेऊन साखर बघतात, कारण साखर फार उतरली तरी माणूस असाच लुळा पडतो. रक्तदाब १८५/११० च्या खाली आणतात. पांढरा डाग दिसला, तर तेच इंजेक्शन जीवावर बेतेल. तिथे रक्तदाब उतरवायचा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा उतारा द्यायचा, काहींना ऑपरेशनला न्यायचं. म्हणून स्कॅनआधी घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. पाणीसुद्धा नको, गिळता आलं नाही तर ते फुप्फुसात जातं.

मोठी वाहिनी बंद असेल, तर जांघेतून बारीक नळी घालून गुठळी ओढून काढतात. निवडक रोग्यांत हे २४ तासांपर्यंत करता येतं, पण ती सोय मोठ्या शहरांतच जास्त.

माझे वडील पोस्टमन. पाच वाड्यांतल्या माणसांची नावं त्यांना तोंडपाठ. एका सकाळी चहाची कपबशी हातातून गळाली. आईने तेल चोळलं, चुलत्यांनी जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे स्कॅन नव्हता. सलाइन लावून दोन तास ठेवलं. मोठी वाहिनी बंद असताना मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा अंदाज आहे. आमच्याकडे पोचले तेव्हा सहा तास होऊन गेले होते. त्यांचा स्कॅन मीच काढला. पांढरं काही नव्हतं. इंजेक्शन आमच्या फ्रिजमध्ये होतं आणि देता येत नव्हतं. पुढची नऊ वर्षं वडील माझ्याकडे बघून हसायचे, माझं नाव मात्र त्यांना आलं नाही. आईला मी कधी बोलले नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून सांगते. तोंड वाकडं झालं, हात वर राहीना, बोलणं अडखळलं, किंवा आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एकाएकी फुटायला लागलं, तर घड्याळ बघा, १०८ ला फोन करा. चालू गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या. तुमच्या घराला सर्वांत जवळचं सीटी मशीन कुठे आहे, ते रात्री चालू असतं का आणि तिथे गुठळीचं इंजेक्शन देतात का, हे या आठवड्यातच विचारून ठेवा.