झाड पाडण्याआधी बुंध्याशी बसा

मे महिन्यात वळवाचा वारा सुटला की बारामती-इंदापुरात घरोघरी एकच बोलणं : दारातलं झाड काढून टाकू, उद्या घरावर यायचं. भीती खोटी नाही. पण मंडळी, आधी बुंध्याशी जरा बसा.

झाड उन्मळतं ते मुळांपाशी. आणि ती मुळं बऱ्याचदा आपणच तोडलेली असतात. पाइपलाइनला चर खणला, कंपाउंडचा पाया घेतला, वर बुंध्याला चिकटून पेव्हिंग ब्लॉक बसवले. म्हणून बुंध्याभोवती माती मोकळी ठेवा. जमीन एका बाजूनं उचलली गेलीय, झाड अलीकडेच कललंय, बुंध्यावर अळंबी आलीय, तर मात्र जाणकाराला लगेच बोलवा.

दुसरी चूक, शेंडाच उडवायचा. नंतरचे धुमारे वरवर चिकटलेले असतात. जाड झाले की तेच वाऱ्यात मोडतात. त्यापेक्षा वाळलेली, घरावर झुकलेली फांदी काढा. जड फांदीला आधी खालून थोडा काप द्या, मग त्याच्या जरा पुढे वरून कापा. नाहीतर ती साल सोलत खाली येते. उरलेला खुंट काढताना खोडालगतचा फुगवटा राखा, जखम तिथूनच भरते. जवळ तारा असतील तर महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्या.

आणि कायदा. दोन्ही शहरांत नगरपरिषद आहे, म्हणजे 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू. झाड आपलं, जागा आपली, तरी तोडायला परवानगी लागते. तेव्हा तपासणी आणि अर्ज उन्हाळ्याआधीच उरका. वारा सुटल्यावर धावपळ नको.