मोटार आधी म्हातारी होते, मग जळते

एप्रिल-मे महिन्यात ऊस पाण्याची वाट पाहत असतो आणि नेमकी त्याच वेळी विहिरीवरची मोटार जळते. वाइंडरकडे रांग लागलेली. आठ-दहा दिवस मोडतात, तोवर खोडवा वाळू लागतो. "काल रात्रीपर्यंत ठणठणीत चालली होती हो," असे आम्हाला गटागटांतून ऐकायला मिळते. चालली होती हे खरे, पण आतून ती केव्हाच थकलेली असते.

मोटारीतील तांब्याच्या तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो. तांब्याला फारसे काही होत नाही. हा थर मात्र उष्णतेने ठिसूळ होतो, त्याला तडे जातात. मग थोड्या थरथरीने वा दमटपणाने दोन वेढे एकमेकांना भिडतात आणि कॉइल जळते. हे म्हातारपण म्हणजे एक रासायनिक क्रियाच आहे, असे अमेरिकेत डेकिन यांनी १९४८ साली मांडले. ढोबळ नियम असा, की वाइंडिंग दहा अंशांनी जास्त तापले की इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे. 'बी' वर्गाचे इन्सुलेशन १३० अंश सेंटिग्रेडचे. त्या उष्णतामानात २०,००० तास धरले, तर रोज ८ तास व वर्षाला ३०० दिवस या हिशेबाने आठ वर्षे होतात. १४० अंशांत चार, १५० अंशांत दोनच!

हे जादा अंश येतात कोठून? व्होल्टेज पडले की तेवढेच पाणी उचलायला मोटार जादा अँपिअर ओढते. अँपिअर सव्वापट झाले तर तारेतील उष्णता दीडपटीच्याही वर जाते. एक फेज गेला की कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार दामटायची, हा तर आपल्याकडे रिवाजच पडला आहे. पाणी मिळते, नाही असे नाही. पण त्याची किंमत वाइंडिंग मोजते. ओव्हरलोड रिले सारखा पडतो म्हणून तो बांधून ठेवणारेही आहेत. अहो, तो बिचारा तेच तर सांगत असतो! शिवाय पावसाळ्यात घातलेले पोते उन्हाळ्यातही मोटारीवर तसेच, आणि पंख्याच्या जाळीत पाचट.

हात लावून अंदाज घेण्यात फारसा अर्थ नाही. चांगली मोटारही हाताला चटका देते. टोंग टेस्टरने तिन्ही फेजचे अँपिअर पाहावेत व नेमप्लेटशी ताडावेत. मोटार भरून घेताना तार त्याच गेजची, वेढे तेवढेच आणि वार्निश भट्टीत पुरते वाळवलेले आहे ना, हे वाइंडरजवळ उभे राहून विचारावे. घाई आपलीच असते, म्हणून तोही ओलीच मोटार बांधून देतो.