निरोगी दिसणारं ऑर्किड

सूक्ष्मजीवशास्त्राला प्रवेश घेतल्यापासून वाड्यावरच्या बायका मला हटकून विचारतात, "अगं, ऑर्किडच्या पानावर हे डाग कसले?" नुसते डाग बघून ते सांगता येत नाही. ऊन, बुरशी, जादा खत, कशानेही डाग पडतात. उलट विषाणू असलेलं रोप कित्येकदा अगदी हिरवंगार दिसतं, फुलतंसुद्धा!

ऑर्किडमध्ये जगभर सर्वाधिक आढळणारे विषाणू दोन: सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट. ते मुख्यतः रस लागलेल्या कात्रीतून आणि हातांतून पसरतात. घरच्या घरी रोप बरं करील असं औषध नाही. म्हणून तपासणी महत्त्वाची.

सर्वांत सोपी ती पट्टी. पानाचा तुकडा द्रावणात चुरडायचा, पट्टी बुडवायची. काही मिनिटांत निकाल. दोन रेषा म्हणजे विषाणू आहे, फक्त नियंत्रण-रेषा म्हणजे सापडला नाही. ती रेषाही उमटली नाही, तर चाचणीच फसली.

पुष्कळ रोपं असतील तर एलायझा. 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये विषाणूला पकडणारी प्रतिपिंडं आधीच चिकटवलेली असतात. त्यांत पानाचा रस घालून धुतात. विषाणू असला तर तो अडकून राहतो. मग एन्झाइम जोडलेली दुसरी प्रतिपिंडं त्याला चिकटतात आणि शेवटचं द्रावण घातलं की खळगा रंगतो, बहुधा पिवळा.

विषाणू फारच थोडा असेल तर आरटी-पीसीआर. कोविडमुळे हे नाव घरोघरी पोचलं. हे दोन्ही विषाणू आरएनएचे. म्हणून आधी आरएनएवरून डीएनए बनवतात, मग त्याच्या प्रती काढतात. प्रत्येक फेरीत दुप्पट झाल्या, तर 30 फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून अधिक! पण ज्या विषाणूचे प्रायमर घातले, तोच सापडतो. अनोळखी विषाणूचा संशय असला तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उपयोगी पडतो: रिंगस्पॉटचे कण ताठ काठीसारखे, सुमारे 300 नॅनोमीटरचे, मोझॅकचे लांब, लवचीक दोऱ्यासारखे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. "सापडला नाही" म्हणजे "नाहीच" असं नव्हे. विषाणू रोपात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. म्हणून एकाहून अधिक पानांचे नमुने घ्यावेत, काही महिन्यांनी पुन्हा तपासावं, आणि दर रोपाला नवं ब्लेड वापरावं, नाहीतर तपासणीच रोग पसरवायची.

टिश्यू कल्चरवाल्यांनी तर मातृरोप तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये. एका रोगट रोपापासून हजारो रोगट रोपं तयार होतात. आपल्या अंगणातला हिशोब लहान, पण नियम तोच. मैत्रिणीला प्रेमाने फुटवा द्यायचाय? आधी पट्टी बुडवा, मग कात्री उचला.