निळी बादली की काळी

पहाटे पाच. आज नळाचा दिवस. मे महिन्यात सोलापुरात कॅलेंडरपेक्षा नळाच्या वेळेला मान जास्त. उजनीहून शंभरावर किलोमीटर आलेलं पाणी आमच्या भागाला चार-पाच दिवसांनी मिळतं. घरातले हंडे-पिंपं भरली की नळी दुकानाच्या टाकीत. माझं काम माशांच्या काचेच्या टाक्यांचं. त्यातही खाऱ्या पाण्याच्या टाक्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांना सगळ्यांत जास्त चिंता गोड्या पाण्याची असते. नवं गिऱ्हाईक हे ऐकून हसतं.

सहा. आरओ सुरू केला. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला की आकडा शेकड्यांत दिसतो. आधी कार्बनमधून जाताना क्लोरीन निघून जातं, मग मेम्ब्रेन, शेवटी रेझिनची नळी. तिच्यातून येणाऱ्या पाण्याला मीटर शून्य दाखवतो. इथेच पुष्कळ जण फसतात. ‘घरी आरओ आहे की’ म्हणतात. स्वयंपाकघरातला आरओ पिण्याच्या चवीसाठी थोडं कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळतो. त्या पाण्यात शंभर रुपयांचं मीठ घाला नाहीतर हजाराचं, समुद्राचा हिशेब सुरुवातीलाच चुकलेला असतो. आरओचं फेकायचं पाणी मी पिंपात धरतो, फरशी आणि संडासाला होतं.

साडेसात. मुंबईहून रात्रीच्या गाडीने थर्माकोलचं खोकं आलं. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत क्लाऊनफिशची जोडी, हॅचरीत वाढलेली. मंडपमला सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची पिल्लं वाढवण्याचं तंत्र बसवलं, तेव्हापासून समुद्रातून पकडलेल्याच माशांवर अडून राहायचं कारण उरलं नाही. पिशवीत थेंब थेंब टाकीचं पाणी सोडत बसलो.

साडेदहा. आज खरं काम मिठाचं. होटगी रोडच्या एका डॉक्टरांकडे दोनशे लिटरची टाकी आहे. त्यांनी सरळ विचारलं, ‘कोणतं मीठ?’ माझ्यापुढे एकाच कंपनीच्या, रेड सीच्या, दोन बादल्या आहेत. निळीतलं मीठ कालवलं की क्षारता, म्हणजे अल्कलिनिटी, तिच्या डीकेएच या मापात सुमारे आठ येते, म्हणजे समुद्राच्या आसपास. काळीतलं बाराच्या घरात जातं. काळी महाग, आणि तिच्यावर ‘कोरल’ असा शब्द. गिऱ्हाइकाचा हात आपोआप तिच्याकडे जातो.

दोन स्वच्छ बादल्यांत वीस-वीस लिटर पाणी घेतलं, पंप सोडला, आणि वजनकाट्यावर साडेसातशे ग्रॅमच्या आसपास मीठ मोजून हळूहळू घातलं. क्रम महत्त्वाचा: पाण्यात मीठ, मिठावर पाणी नाही. उलटं केलं तर तळाशी क्षार इतके दाट होतात की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून पांढरा चुना होऊन बसतात. मग पैसे बादलीच्या तळाशी.

‘साधं मीठ का नको?’ दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. उरण-भाईंदरच्या मिठागरांत काय होतं ते सांगितलं की पटतं. समुद्राचं पाणी आटत जातं तसं आधी कॅल्शियमचे क्षार बसतात, मग आपलं मीठ, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहून जातं. म्हणजे आगरात जमतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराईड. खऱ्या समुद्रात लिटरला साधारण ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १२८० च्या पुढे मॅग्नेशियम असतं. पॅकेटातल्या मिठात वर आयोडीन आणि गुठळ्या न होण्याची पूड. फिलिप गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ मध्ये लंडनला कृत्रिम समुद्रपाणी केलं, तेव्हा त्यालाही साध्या मिठाबरोबर मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार घालावे लागले होते. कॅल्शियम मात्र त्याने वगळलं होतं.

दीड. बाहेर त्रेचाळीस अंश. जेवण शटर अर्धं ओढून: कडक भाकरी, शेंगा चटणी, ताक. लाइट गेली. इन्व्हर्टरवर फक्त हवेचे पंप. चिलर बंद, म्हणून टाक्यांच्या तोंडावर पंखे. त्याने पाणी थंड होतं, पण उडतंही भराभर.

तीन. लाइट आली. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर काढला, दर हजारी ३५ च्या प्रमाण द्रावणावर लावून घेतला. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवून चालत नाही, काही मीटर शून्याला खरे आणि पस्तिसाला खोटे असतात. दोन्ही बादल्या ३५ वर. मग क्षारतेसाठी थेंबांचा संच: निळी आठ, काळी पावणेबारा.

चार. दुसरं गिऱ्हाईक, लातूरहून आलेला तरुण. त्याला जिवंत प्रवाळ हवंय आणि कुणीतरी ‘गुपचूप’ देतो म्हणालंय. मी हात जोडले. दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. खडक हवा असेल तर सिरॅमिकचा घे, त्यावर महिन्याभरात जीवाणू बसतात. तो नाराज होऊन गेला. जाऊ दे.

खरं तर डॉक्टरांचा प्रश्न इथेच सुटतो. काळ्या बादलीतली जादा क्षारता कुणासाठी? जी दगडी प्रवाळं रोज पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून सांगाडा बांधतात, त्यांच्यासाठी. डॉक्टरांच्या टाकीत मासे, एक-दोन कोळंब्या, गोगलगाई. त्यांना समुद्राइतकं पुरे. वापरणारं कुणी नसताना बाराचं पाणी आठवड्यामागून आठवडा घालत गेलं तर वरचा क्षार हीटरवर आणि पंपाच्या पात्यांवर चुना होऊन बसतो. मग पंपच जाम होतो.

सहा. डॉक्टर आले. म्हणाले, ‘मालक, वीस किलोची घेतो, स्वस्त पडते.’ हिशेब मांडला. वीस किलोत पाचशे लिटरच्या आसपास पाणी होतं. आठवड्याला वीस लिटर बदललं तर बादली सहा महिने चालणार, म्हणजे अख्खा पावसाळा उघडी. मिठातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराईड हवेतला ओलावा ओढतं, गोळे होतात, आणि मग वरच्या थरातलं मीठ एक सांगतं, तळाचं दुसरं. छोटी पाकिटं किलोमागे थोडी महाग, तरी तीच घ्या. बाजारात मोठ्या बादलीतून काढून सुटं विकलेलं मीठही मिळतं, ते मी ठेवत नाही. वाहतुकीत हलून बारीक-जाड वेगळं झालेलं असतं. कुठल्या चिमटीत काय आलं हे देवाला ठाऊक.

पावणेदहा. दुकान आवरताना डॉक्टरांचा फोन. ‘पाणी बोटभर उतरलंय, मिठाचं घालू का?’

‘नाही डॉक्टर, नुसतं शून्याचं पाणी. उडतं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. मिठाचं पाणी फक्त जुनं काढून नवं घालताना.’

‘मग चाळीसचा कॅन उद्या पाठवा.’

उद्या नळ नाही. टाकीत किती उरलंय ते बघून आलो, आणि कॅन वीसचाच भरून ठेवला.